‘चांगलं रबर द्या’ म्हणण्याआधी: सिलिकोन, नायट्राइल की ईपीडीएम?

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाटल्या भरायची लहान मशीनं आम्ही बनवतो. पहिलं मशीन पेडण्याच्या एका तेलवाल्याला दिलं. त्याला त्यावर खोबरेल भरायचं होतं, उन्हाळ्यात कोकम सरबत, आणि अधूनमधून भावाची फेणी. पोटात जाणाऱ्या वस्तू, म्हणून मी आत सगळीकडे लाल सिलिकोनच्या ओ-रिंगा (गळती अडवणाऱ्या रबराच्या गोल कड्या) बसवल्या. ‘फूड ग्रेड’ या दोन शब्दांवर तेव्हा माझी देवासारखी श्रद्धा होती. तीन आठवड्यांनी फोन आला, “ताई, बाटलीच्या तळाला लाल कण बसतायत.” पिस्टनवरची रिंग घासून घासून तिचा अक्षरशः कीस पडला होता.

मग ईपीडीएम बसवलं. कोकमावर झकास चाललं, गरम पाण्याच्या धुण्यालाही पुरून उरलं. खोबरेल सुरू झालं आणि चौथ्या दिवशी पिस्टन जागेवर अडकला. रिंग फुगून खाचेत मावेना. ती हातात घेऊन मी कुंडईच्या एका जुन्या, साच्यात रबराचे भाग बनवणाऱ्या मोल्डरकाकांकडे गेले. त्यांनी ती बोटात फिरवली आणि म्हणाले, “ताई, रबर वाईट नाही. तुम्ही ते चुकीच्या घरी दिलंत.”

पुढचं सगळं मी त्यानंतर शिकले. तुम्ही नवे असाल, पंपाचं सील, झाकणाचं गॅस्केट, बोटीवरच्या डब्याचं पॅकिंग असलं काही पहिल्यांदाच करून घेणार असाल, तर या क्रमाने चला.

१. रबराचं नाव काढू नका, आधी त्याची परिस्थिती लिहा

पुरवठादाराला फोन करण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहायच्या.

रबराला काय काय लागणार? इथे सगळे मुख्य द्रव लिहितात आणि बाकीचं विसरतात. आमच्या मशीनला दिवसभर तेल लागतं, पण संध्याकाळी ८० अंशांचं पाणी आणि कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावणही लागतं. शिवाय जोडणी करणारा मुलगा रिंग बसवताना डब्यात असेल ते ग्रीस फासतो, तेही लिहा. ईपीडीएमच्या रिंगेला व्हॅसलीन किंवा साधं खनिज ग्रीस लावलं की मशीन सुरू व्हायच्या आधीच ती फुगायला लागते. सिलिकोनच्या रिंगेला सिलिकोन ग्रीस लावणंही तसंच. नावं जुळतात म्हणून लोक हमखास लावतात, आणि सारख्याला सारखं शोषून रिंग फुगते.

तापमान किती, आणि किती वेळ? २०० अंश दहा मिनिटं आणि २०० अंश रोज आठ तास ही दोन वेगळी कामं आहेत. खालचं टोकही लिहा. गोव्यात थंडी कुठली, असं म्हणू नका. मासळी गोठवायच्या कारखान्यात उणे ४० अंश असतात, आणि तिथे साधं नायट्राइल लाकडासारखं होतं.

रबर हलतं की नुसतं दबून बसलंय? माझी पहिली चूक इथलीच.

दाब किती? आणि शेवटचं, ऊन, पाऊस, खारी हवा यांपैकी काय लागणार?

हा कागद भरला की अर्धी निवड आपोआप होते. त्याशिवाय कुणी ‘व्हायटन (हे एक महागडं रबर) टाका, काही होत नाही’ म्हणाला तर तो तुमचे पैसे खर्च करतोय, एवढं समजा.

२. कुळं ओळखून घ्या

मोल्डरकाकांचा हिशेब सोपा होता: तेल आलं की नायट्राइल, पाणी आलं की ईपीडीएम, दोन्ही एकत्र आली की डोकं खाजवायचं. पण सुरुवातीला याहून थोडं जास्त माहीत हवं.

नैसर्गिक रबर. सत्तरी-सांग्याकडे ज्याच्या बागा दिसतात तेच. ताण, उसळी, फाटण्याला विरोध यांत आजही त्याला तोड नाही. मशीनखालचे हादरे शोषणारे पाय, धक्क्यावरचे फेंडर यांना उत्तम. तेलाला आणि ओझोनला मात्र दुबळं, आणि ७०-८० अंशांपुढे त्याच्याकडून अपेक्षा नको.

नायट्राइल, म्हणजे एनबीआर. खनिज तेल, ग्रीस, डिझेल, खाद्यतेल यांच्यासाठी पहिला विचार याचाच. साधारण उणे ३० ते १०० अंश. यात अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा घटक १८ ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. तो जितका जास्त तितकं तेलाला चिवट, पण थंडीत तितकंच ताठ. म्हणून ‘नायट्राइल’ एवढंच सांगणं म्हणजे नुसतं ‘तांदूळ द्या’ म्हणण्यासारखं. उन्हात आणि ओझोनमध्ये ताणलेलं नायट्राइल भेगाळतं.

ईपीडीएम. पाणी, वाफ, ऊन, ओझोन, पातळ आम्ल-अल्कली, फेणीतलं अल्कोहोल, सगळ्यांशी याचं जमतं. उणे ५० ते १३० अंश; पेरॉक्साइडने क्युअर केलेलं, म्हणजे साच्यात पक्कं केलेलं, १५० पर्यंत जातं. गाडीच्या ग्लायकोलवाल्या ब्रेक ऑइलला हेच लागतं. खरं तेल, मग खनिज असो की खोबरेल, हा याचा शत्रू. नावात ‘ऑइल’ असलेलं ब्रेक ऑइल चालतं आणि डोक्याला लावायचं तेल चालत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझी दमछाक होते.

निओप्रीन. कशातच पहिला नंबर नाही, कशातच नापास नाही. थोडं तेल, थोडं ऊन, समुद्राचं पाणी. अमोनियाच्या शीतयंत्रांनाही हे चालतं.

एफकेएम. व्हायटन हे एका कंपनीचं व्यापारी नाव. रबराचं नाव एफकेएम. उणे २० ते २०० अंश, तेल, इंधन, बरीचशी आम्लं. महाग, म्हणून लोकांना ते सर्वशक्तिमान वाटतं. तसं ते नाही. अमोनिया, अमाइन, अ‍ॅसिटोन, ब्रेक ऑइल आणि गरम वाफ यांच्यासमोर नेहमीचं एफकेएम टिकत नाही. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या लाइनवर भारी किंमत मोजून बसवलेलं व्हायटन आठवड्यांत मेलेलं मी स्वतः पाहिलंय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून इंधनाच्या सीलसाठी मात्र त्याचं महत्त्व वाढलंय.

पॉलियुरेथेन. घासण्यात सगळ्यांचा बाप, पण ओल्या उष्म्यात त्याचा एक प्रकार कुजतो. पावसाळा संपल्यावर कपाटातले चांगले बूट काढावेत आणि चार पावलांत तळव्याचा भुगा व्हावा, हा अनुभव गोव्यात कुणाला नाही? तो पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन. पाणी-दमटपणा असेल तर पॉलिईथर जातीचा मागा.

ब्युटाइल हवा धरून ठेवतं, म्हणून ट्यूबमध्ये आणि औषधाच्या कुप्यांच्या बुचात. टीपीई-टीपीयू ही वितळून पुन्हा साच्यात जाणारी जात. पकड, झाकणं यांना स्वस्त आणि छान, गरम सीलला नको.

३. सिलिकोन कुठे घ्यावं, कुठे नाही

सिलिकोनबद्दल सविस्तर लिहिते, कारण नवा माणूस सगळ्यात आधी त्याच्याकडेच वळतो. दिसायला स्वच्छ, वास नाही, चव नाही, उणे ६० ते २०० अंश, उन्हाने काही होत नाही, विजेला उत्तम निरोधक. ओव्हनच्या दाराचं गॅस्केट, सोलर हीटरच्या नळीची रिंग, उघड्यावरच्या दिव्याचं पॅकिंग इथे दुसरं काही शोधूच नका. दबून बसलेलं असेल आणि गरम असेल, तर सिलिकोन.

आता त्याच्या खोडी. फाटण्याला ते फार दुबळं. नख लागलं की चीर पुढे पळते. त्यामुळे पिस्टन, शाफ्ट अशा घासणाऱ्या जागी नको. पेट्रोल-डिझेलमध्ये फुगतं, तिथे फ्लोरोसिलिकोन लागतं. सामान्य दाबाची वाफ थोडा वेळ चालते, पण दाबाच्या वाफेत सतत ठेवलं तर ते हळूहळू मऊ पडून विरतं.

वासाची गोष्ट कुणी सांगत नाही. सिलिकोन वायूंना खूप झिरपू देतं आणि वास धरून ठेवतं. आमच्या मशीनच्या टाकीच्या झाकणाला सिलिकोनचं गॅस्केट होतं. फेणी भरून झाली, दोनदा गरम पाण्याने धुतलं, मग कोकम भरलं. पहिल्या पन्नासेक बाटल्यांच्या सरबताला काजूचा असा काही दरवळ होता की तेलवाल्याच्या आईने एक घोट घेऊन त्याच्याकडे संशयाने पाहिलं. तेव्हापासून फेणीसाठी वेगळं गॅस्केट, वेगळ्या रंगाचं.

सिलिकोन मागताना क्युअर कोणतं ते विचारा. पेरॉक्साइड क्युअर स्वस्त, पण त्यात उरलेली द्रव्यं काढायला मोल्डिंगनंतर भट्टीत, सहसा २०० अंशांवर चार तास, भाजावं लागतं. काही जण हे काम वाचवतात. मग पाकीट उघडताच उग्र वास येतो. खाण्यापिण्याच्या आणि औषधाच्या कामाला प्लॅटिनम क्युअर मागा.

घरी नमुना ओतून पाहणार असाल तर प्लॅटिनम क्युअरचा एक स्वभाव ध्यानात ठेवा: गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन यांनी ते रुसतं. मी लॅटेक्सचे हातमोजे घालून दोन भाग कालवले, साच्यात ओतले, दुसऱ्या दिवशी उघडलं तर मोजा लागला होता तिथे तिथे काकवीसारखा चिकट थर. लॅटेक्समधल्या गंधकाने क्युअर अडवलं होतं. नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे मोजे घ्या. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर थेट ओतलं तरी हेच होतं.

दुकानात ट्यूबमध्ये मिळणारा सीलंट हे वेगळं प्रकरण. व्हिनेगरचा वास येत असेल तर तो अ‍ॅसिटॉक्सी. न्हाणीघरात ठीक. तांब्याची तार, सर्किट बोर्ड असलेल्या डब्यात लावाल तर ती तार हिरवी पडेल. तिथे ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेला घ्या.

४. शोअर म्हणजे रबराची जात नव्हे

‘७० शोअरचं रबर द्या’ ही मागणी मी रोज ऐकते. शोअर ए हा फक्त कडकपणा. ओ-रिंगा बहुधा ७० च्या असतात, नरम गॅस्केट ४०-५०, जास्त दाबाला ९०. नायट्राइलही ७० चं असतं, सिलिकोनही. वर मोजणीत आणि मिश्रणात मिळून ५ अंकांचा फरक सगळेच धरतात, त्यामुळे ७० विरुद्ध ७२ यावर वाद घालू नका.

खरं विचारायचं ते कॉम्प्रेशन सेट. ४ मिमीची गोळी दाबून ३ मिमी केली, गरम ओव्हनमध्ये ठेवली, काढून मोकळी सोडली. ती ३.८ पर्यंतच परत आली तर सेट २० टक्के. परत येणं हेच सीलचं सगळं काम. ५० टक्के सेट असलेली रिंग पहिल्या दिवशी गळत नाही, वॉरंटी संपल्यावर गळते. आकडा विचारताना किती अंशांवर, किती तास तेही विचारा. ७० अंशांवर २२ तासांचा आकडा दाखवून १५० अंशांच्या कामासाठी रबर विकणारे भेटतात.

५. खाच मोजा

निम्मी गळती रबराची नसतेच, खाचेची असते. हलत्या रिंगेला साधारण १० ते २० टक्के दाब, म्हणजे खाचेत तिची जाडी तितकी चेपली जायला हवी, बसलेल्या रिंगेला १५ ते ३० टक्के. रिंगेच्या दोऱ्याची जाडी ३.५३ मिमी आणि खाचेत तिला मिळणारी उंची ३.१ असेल तर दाब झाला १२ टक्के, पिस्टनला ठीक. खाच रुंदीला सैल हवी, कारण रबर दाबलं की आकार बदलतं, आकारमान नाही. रिंगेने खाच ८५ टक्क्यांहून जास्त भरू नये.

इथला सापळा इंच आणि मिलिमीटरचा. २.६२ ही इंचाच्या मालिकेतली जाडी. बाजारातला माणूस ‘जवळपास तेच’ म्हणून २.४ ची देतो. तुमची खाच २.२५ ची असेल तर १४ टक्क्यांचा दाब ६ वर येतो, आणि तुम्ही रबराला शिव्या घालत बसता.

दुसरा सापळा साच्याचा. साच्यातून निघाल्यावर प्रत्येक रबर आक्रसतं; सिलिकोन २ ते ४ टक्के, बाकीची बहुतेक त्याहून कमी. म्हणून नायट्राइलसाठी केलेल्या साच्यात सिलिकोन भरलं तर भाग लहान येतो. मोल्डर ‘तोच साचा वापरू, पैसे वाचतील’ म्हणाला तर आधी एक नमुना काढून मापा.

६. लोणच्याच्या बरणीतली चाचणी

तक्ते पाहा, जरूर पाहा. पण तक्त्यात शुद्ध द्रव असतो, तुमच्या टाकीत असतो तो त्याचा लांबचा भाऊबंद. काजूच्या टरफलाचं तेल घ्या. फिनॉलच्या कुळातली द्रव्यं असलेलं हे तेल बऱ्याच तक्त्यांत नसतंच. गंमत म्हणजे तेच तेल रबराच्या मिश्रणात मऊपणासाठी आणि ब्रेकच्या लायनिंगमध्येही वापरतात. असं काही समोर आलं की बरणीच काढायची.

लागणारं सामान: झाकणाची काचेची बरणी, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा, दोरा, व्हर्निअर कॅलिपर, आणि तुमचाच द्रव.

आकारमान असं मोजा. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. रिंग दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका, बुडबुडे झटका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर तिचं आकारमान. लिहून ठेवा, कोरडं वजन आणि कडकपणाही. मग रिंग तुमच्या द्रवात सात दिवस ठेवा, शक्यतो कामाच्या तापमानाला. काढून पुसा, पुन्हा मोजा.

हलत्या सीलला १० टक्के, फार तर १५ टक्के वाढ चालवून घ्या. बसलेल्या गॅस्केटला त्याहून थोडी जास्त चालते. आकारमान कमी झालं तर मात्र ते रबर बाद. द्रवाने आतला मऊपणा ओढून घेतलेला असतो. अशी रिंग ताठ होते, आक्रसते आणि गळते. माझ्या ईपीडीएमने खोबरेलात ही परीक्षा दोन दिवसांतच नापास केली असती. एक बरणी आणि दोन दिवस, आणि मी पेडण्याला तीन खेपा घातल्या.

ही घरची चाचणी झाली. गिऱ्हाईक औषध कारखाना असेल तर प्रयोगशाळेचा कागदच लागेल. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे, सगळे तिला इरमरा म्हणतात; रबराच्या चाचण्या तिथे होतात.

७. ऑर्डरसोबत काय द्यायचं, काय मागायचं

तुम्ही द्यायचं:
- ड्रॉइंग, त्यावर माप आणि सूट (माप किती कमी-जास्त चालेल ते). ओतलेल्या रबराला मशीनिंगची सूट मागू नका. आयएसओ ३३०२ मधला एम२ किंवा एम३ वर्ग लिहा.
- रबराचं कुळ, शोअर ए अधिक-उणे ५, रंग, क्युअरचा प्रकार.
- पहिल्या पायरीचा परिस्थितीचा कागद. तो जोडला की चांगला मोल्डर स्वतःच फोन करून शंका विचारतो.
- साच्याची जोडरेषा कुठे चालेल. सीलच्या तोंडावर फ्लॅश, म्हणजे जोडातून बाहेर आलेली रबराची पातळ कड, आली की सगळं मुसळ केरात.

तुम्ही मागायचं:
- बॅच नंबर आणि क्युअरची तारीख असलेलं चाचणी प्रमाणपत्र: कडकपणा, ताण, लांबणं, कॉम्प्रेशन सेट.
- खाद्यपदार्थासाठी अमेरिकेच्या २१ सीएफआर १७७.२६०० नियमाला धरून असल्याचं पत्र. नुसतं ‘फूड ग्रेड’ तोंडी नको. पत्रावर मिश्रणाचा नंबर हवा, आणि तोच बॅचवर.
- औषधाच्या कामाला यूएसपी क्लास ६ (अमेरिकेच्या औषधकोशातली, शरीराला अपाय होत नाही ना हे पाहणारी चाचणी) चा अहवाल.
- दहा नमुने, मोठ्या ऑर्डरीच्या आधी.

८. माल आल्यावर

रंगावर जाऊ नका. तपकिरी म्हणजे व्हायटन, लाल म्हणजे सिलिकोन, असं काही नसतं. रंग कुणीही कुठलाही घालतो.

सहाव्या पायरीतला पेला पुन्हा काढा. कोरडं वजन भागिले आकारमान, म्हणजे घनता. ३.८ ग्रॅमची रिंग काट्यावर २.० दाखवत असेल तर घनता १.९, एफकेएम बहुधा १.८ ते २ च्या आसपास असतं. नायट्राइल, ईपीडीएम, सिलिकोन १.१ ते १.३ च्या भागात गर्दी करतात. म्हणजे व्हायटनच्या भावात काळं नायट्राइल आलंय का, हे दोन मिनिटांत कळतं.

सिलिकोनचा एक कण चिमट्यात धरून जाळला की मागे पांढरी राख राहते. बाकीची काजळी धरतात. पण ही ज्योतीची परीक्षा एफकेएमची शंका असेल तेव्हा अजिबात करू नका. जळताना त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू निघतो. आगीत सापडलेल्या मशीनमधल्या काळ्या चिकट रिंगेलाही उघडा हात लावू नये.

९. साठवण

आयएसओ २२३० च्या वर्गवारीत, नीट ठेवलेल्या सुट्या मालाला नैसर्गिक रबर आणि पॉलियुरेथेनसाठी ५ वर्षं, नायट्राइल-निओप्रीनसाठी ७, ईपीडीएम-सिलिकोन-एफकेएमसाठी १० वर्षं धरतात. ‘नीट’ म्हणजे २५ अंशांखाली, कोरडं, अंधारात. गोव्यात जून ते सप्टेंबर हे फक्त कागदावर शक्य आहे, म्हणून घट्ट झिपची पाकिटं, आत सिलिका जेल, बाहेर काळी पिशवी. वेल्डिंग आणि मोटारींपासून दूर ठेवा. त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन होतो. रिंगा खिळ्याला टांगून ठेवू नका, ताणलेल्या जागीच त्या भेगाळतात.

आणि मशीनमधून काढलेली जुनी रिंग कात्रीने कापूनच कचऱ्यात टाका. नाहीतर पुढच्या वेळी घाईत कुणीतरी ती उचलून, पुसून, परत बसवतो. आमच्याकडे दोनदा झालंय.